जन्माआधीची नाडीपरीक्षा

आम्हां कलाशाखेच्या विद्यार्थ्यांचा हृदयाशी संबंध येतो तो बहुधा काव्यातून. तिथे ते जळते, तुटते, कुणाला तरी दिले जाते. पण रक्त ढकलणारे खरे हृदय कसे घडते आणि घडताना त्यात उणीव राहिली तर काय होते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. उद्या आपल्याच घरी या माहितीची गरज पडू शकते. म्हणून हा प्रपंच.

गर्भधारणेनंतर सुमारे तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस गर्भाचे हृदय धडधडू लागते. तेव्हा ती एक साधी नळी असते. ती वळते, तिच्यात पडदे तयार होतात आणि आठव्या आठवड्यापर्यंत चार कप्प्यांचे हृदय आकारास येते. जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी सुमारे ८ ते १० जणांच्या हृदयात काही ना काही दोष असतो. कित्येक दोष किरकोळ असतात. लहानसे छिद्र आपोआपही बुजते. काही मात्र प्राणावर बेततात.

नवल असे, की गंभीर दोष असूनही मूल पोटात बहुधा सुखरूप वाढत असते. गर्भाला प्राणवायू मिळतो तो आईकडून, वार आणि नाळ यांच्या द्वारे. फुप्फुसांचे काम अजून सुरू झालेले नसते. म्हणून त्यांना वळसा घालण्यासाठी रक्ताला दोन आडवाटा असतात. एक म्हणजे वरच्या दोन कप्प्यांमधील छिद्र. दुसरी म्हणजे फुप्फुसाकडे जाणारी धमनी व महाधमनी यांना जोडणारी छोटी वाहिनी. जन्मानंतर या वाटा बंद होऊ लागतात. ज्या बाळाचा जीव या आडवाटांवरच अवलंबून असतो, ते काही तासांत वा दिवसांत निळे पडते.

आमच्या नात्यात असे एक गुटगुटीत बाळ तिसऱ्या दिवशी गेले. शेजारच्या बायका म्हणाल्या, दृष्ट लागली. शहरातील डॉक्टरांनी निदान केले, पण तोवर उशीर झाला होता : हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्यांची अदलाबदल झाली होती. या दोषावर उपाय आहेत. आडवाट उघडी ठेवणारे औषध आहे. फुग्याच्या साहाय्याने वरच्या कप्प्यांमधील छिद्र मोठे करण्याची रीत रॅशकिंड यांनी १९६६ साली दाखवली. वाहिन्या पुन्हा योग्य जागी जोडण्याची शस्त्रक्रिया ब्राझीलमध्ये झातेने यांनी १९७५ साली यशस्वी केली. कमी पडतो तो वेळ. आणि तो वेळ आधी झालेल्या निदानामुळे मिळतो.

हे निदान सोनोग्राफीने होते. माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी पोटावरून आत सोडायच्या आणि त्यांच्या प्रतिध्वनींतून चित्र उभे करायचे, ही ती पद्धत. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड व सहकाऱ्यांनी १९५८ साली तिचा प्रसूतिशास्त्रातील उपयोग जगापुढे मांडला. साधारण १८ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान गर्भाचे हृदय नीट तपासता येते. शंका आली, आईला आधीपासून मधुमेह असला किंवा आईबापांना वा आधीच्या अपत्याला हृदयदोष असला, तर गर्भाच्या हृदयाची खास तपासणी तज्ज्ञाकडून करून घेतात.

काही उपचार पोटातच होतात. गर्भाचे हृदय मिनिटाला साधारण ११० ते १६० ठोके देते. ते २०० च्या वर धावू लागले, तर डिजॉक्सिनसारखे औषध आईला देतात. वारेतून ते बाळापर्यंत पोचते. अरुंद झडप सुईवाटे नेलेल्या फुग्याने रुंदावण्याचा उपायही निवडक गर्भांवर करतात. दिल्लीच्या एम्समध्ये २०२३ साली द्राक्षाएवढ्या हृदयावर असा उपचार झाला. परंतु बहुतेकांच्या बाबतीत खरा उपाय साधा आहे : जिथे बालहृदयतज्ज्ञ आहेत, अशा ठिकाणी बाळंतपण करणे. काही दोष फार बिकट असतात. तेव्हाही आईबापांना विचार करायला आणि मन घट्ट करायला अवधी मिळतो.

आपल्याकडे सोनोग्राफी म्हटले, की मुलगा-मुलगीची कुजबुज सुरू होते. लिंगनिदानास आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ सालीच केला आणि केंद्राचा कायदा १९९४ साली झाला. तो मार्ग बंदच राहिला पाहिजे. या यंत्राला विचारण्याजोगा प्रश्न वेगळाच आहे. घरात कुणाला पाचवा महिना लागला असेल, तर डॉक्टरांना एवढेच विचारा : बाळाच्या हृदयाचे चारही कप्पे आणि दोन्ही मोठ्या वाहिन्या नीट दिसल्या ना?