समुद्राला सोसेल असं सनस्क्रीन

दिवाळीची सुट्टी लागली की मालवण-तारकर्लीच्या रस्त्याला गाड्यांची रीघ लागते. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती स्नॉर्केलिंग करताना जे प्रवाळ दिसतं, ते १९८७ साली घोषित झालेल्या सागरी अभयारण्याच्या परिसरात येतं. पाण्यात उतरण्यापूर्वी अंगाला चोपडलेलं सनस्क्रीनही बऱ्याच अंशी तिथंच धुऊन जातं.

ते पुढे काय करतं, हा प्रश्न २०१५ साली ऐरणीवर आला. क्रेग डाउन्स आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत दाखवलं की ऑक्सिबेन्झोन या रसायनामुळे प्रवाळाच्या अळ्यांची वाढ बिघडते, त्यांच्या डीएनएला इजा होते. हवाई राज्याने २०१८ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनॉक्झेट असलेल्या सनस्क्रीनची खुली विक्री थांबली. पलाऊ या चिमुकल्या देशातली बंदी तर २०२० पासूनच लागू आहे. थायलंडने २०२१ मध्ये आपल्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत असाच नियम केला.

साहजिकच मागणी वाढली ती खनिज सनस्क्रीनला. त्यात मुख्य द्रव्यं दोनच : झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड. ही द्रव्यं आरशासारखी ऊन परतवतात असा समज आहे. प्रत्यक्षात अतिनील किरणांचा बहुतेक भाग ती शोषून घेतात. झिंक ऑक्साइड यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्ही अडवतं. ही द्रव्यं त्वचेच्या वरच्या थरातच राहतात, चुरचुरत नाहीत, म्हणून लहान मुलांना आणि नाजूक त्वचेला मानवतात. गव्हाळ-सावळ्या चेहऱ्यावर मात्र पांढरट थर दिसतो. त्यावर उपाय म्हणजे आयर्न ऑक्साइड घातलेलं रंगीत सनस्क्रीन. ते दृश्य प्रकाशही काही प्रमाणात अडवतं, त्यामुळे वांग असणाऱ्यांना त्याचा दुहेरी फायदा.

‘नैसर्गिक’ या शिक्क्यावर मात्र विसंबू नये. सनस्क्रीनमधलं झिंक ऑक्साइड कारखान्यातच तयार होतं, आणि त्याचे आवरण नसलेले अतिसूक्ष्म, म्हणजे नॅनो, कण प्रवाळाला त्रासदायक ठरल्याचं प्रयोगांत आढळलं आहे. ‘रीफ सेफ’ या छापील दाव्याला सर्वमान्य कायदेशीर निकष नाही. तेव्हा नळीच्या पुढची जाहिरात सोडून मागची घटकयादी वाचावी आणि ‘नॉन-नॅनो’ असा उल्लेख शोधावा.

प्रवाळाचा सर्वांत मोठा शत्रू आहे तापत चाललेला समुद्र. उष्णतेने प्रवाळ आपल्या पेशींतलं शैवाल गमावतं आणि पांढरं पडतं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रवाळाच्या नात्यातल्या समुद्रफुलांवर प्रयोग केले. ऑक्सिबेन्झोनचं त्यांच्या शरीरात असं रूपांतर होतं की उन्हात ते विषारी ठरतं; हे विष बरंचसं शैवालात साठतं, आणि शैवाल गमावलेले जीव लवकर मरतात. म्हणजे उष्णतेने आधीच खचलेल्या प्रवाळाला रसायनाचा घाव अधिक खोल लागण्याची शक्यता आहे. सनस्क्रीन बदलल्याने समुद्र थंड होणार नाही, पण त्याच्यावरचा एक भार आपल्या हातून कमी होईल.

तो आणखी कमी करता येतो. सनस्क्रीनची चाचणी दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम या मापाने होते; आपण सहसा त्याहून बरंच कमी लावतो आणि एसपीएफ ५० वर भिस्त ठेवतो. पोहताना लांब बाह्यांचा सदरा घातला की निम्मं अंग आपोआप झाकलं जातं. मग क्रीम उरतं फक्त चेहरा, मान आणि उघड्या हातापायांपुरतं. तिथं ते भरपूर लावावं, दर दोन तासांनी आणि पाण्याबाहेर आल्यावर पुन्हा लावावं. त्वचेची काळजी आणि समुद्राची काळजी यांत निवड करावी लागत नाही. आधी कापड, मग खनिज, एवढा क्रम सांभाळला की पुरे.