बोलक्या पोपटाचं रानातलं घर

पोपट म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो हिरवागार, पेरू कुरतडणारा. पण मैत्रिणींनो, आफ्रिकेतला एक पोपट चक्क राखाडी असतो. शेपटी तेवढी लालभडक! घाना, कॅमेरून, काँगो इथल्या दाट जंगलांत हे करडे पोपट थव्याने राहतात. आपण ज्याचं पामतेल वापरतो, त्या झाडाची फळं त्यांना फार आवडतात.

त्यांचा संसार तर पाहण्याजोगा! उंच झाडाच्या ढोलीत मादी ३ ते ५ अंडी घालते. महिनाभर ती अंडी उबवत बसते आणि नर तिला खाऊ आणून भरवतो. पिल्लं उडायला लागायला चांगले तीन महिने लागतात बरं का!

माणसासारखं बोलता येतं, हा गुणच त्यांच्या जिवावर उठला. पकडापकडी आणि जंगलतोड यांमुळे घानात १९९२ नंतरच्या दोन दशकांत ते नव्वद टक्क्यांहून अधिक घटले. अखेर २०१६ साली जोहान्सबर्गच्या परिषदेत, रानातून पकडलेल्या करड्या पोपटांचा देशोदेशींचा व्यापार बंद करायचं ठरलं.

मुलांनी ‘बोलका पोपट आणा ना!’ म्हणून हट्ट धरला, तर आधी त्यांना या ढोलीतल्या संसाराची गोष्ट सांगा. हट्ट आपोआप मावळेल.