परीक्षक यंत्र आणि त्याचे जोडभाग

बंगळूर नगरीत १९४८ साली इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, १९५४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे संरचना-केंद्र स्थापन झाले. अशा उद्योगांना लागणारे अभियंते प्रथम महाविद्यालयीन प्रयोगशाळेत घडतात. तेथील एक अडचण मात्र जुनीच आहे. विद्यार्थ्याने जुळवलेले प्रत्येक मंडल शिक्षकाने स्वतः चालवून पाहावयाचे म्हटले, तर वेळ पुरत नाही. आणि घाईने तपासले, तर न्याय होत नाही.

यावर उपाय म्हणजे परीक्षक यंत्र. ते विद्यार्थ्याची आज्ञावली सूक्ष्मनियंत्रकात भरते, ठरावीक संकेत देते, उत्तरादाखल आलेले संकेत मोजते आणि गुण नोंदवते. परंतु आज दिवे उघडझाप करण्याचा प्रयोग असतो, तर उद्या मोटरचा वेग राखण्याचा. सर्व प्रयोगांची तपासणी एकाच आज्ञावलीत कोंबली, तर नवा प्रयोग घालताना जुना बिघडण्याची भीती राहते.

घरातील मिक्सरचे उदाहरण घेऊ. मोटर एकच, चटणीचे भांडे वेगळे, दळण्याचे वेगळे. तळाची जोडणी तेवढी ठरलेली असते. त्याचप्रमाणे येथे गाभा एक आणि प्रत्येक प्रयोगासाठी स्वतंत्र जोडभाग असतो. कोणती उपकरणे हवीत, कोणते संकेत द्यावयाचे आणि काय आढळले, एवढेच जोडभागाने सांगावयाचे. वीजपुरवठा, कालमर्यादा आणि गुणांची नोंद गाभ्याच्या हाती राहते. जोडभाग अडकून पडला, तर गाभा त्याला थांबवतो आणि वीज तोडतो.

ही कल्पना नवी नव्हे. हुलेट-पॅकर्डच्या पद्धतीवरून १९७५ साली आयईईई ४८८ हे मानक ठरले. त्यामुळे निरनिराळ्या उत्पादकांची पंधरापर्यंत उपकरणे एकाच जोडमार्गावर संवाद करू लागली.

तथापि खरा प्रश्न न्यायाचा आहे. समजा, सेकंदाला १,००० आवर्तनांचा संकेत निर्माण करावयाचा आहे आणि जोडभागात दोन टक्क्यांचीच सूट ठेवली आहे. ॲटमेगा ३२८पी या सूक्ष्मनियंत्रकाचे अंतर्गत घड्याळ कारखान्यातूनच दहा टक्क्यांपर्यंत मागेपुढे असू शकते. अशा वेळी अचूक आज्ञावलीही १,०५० आवर्तने देईल आणि निर्दोष विद्यार्थी नापास ठरेल. म्हणून सूट किती असावी, हे जोडभाग लिहिणाऱ्याने वापरातील घड्याळ पाहून ठरवावे आणि विद्यार्थ्यास आधी कळवावे.

दुसरी दक्षता निकालाच्या शब्दांची. ‘बरोबर’ आणि ‘चूक’ यांखेरीज ‘तपासणी होऊ शकली नाही’ असा तिसरा निकाल हवा. प्रत्येक तपासणीपूर्वी यंत्राने ज्ञात संकेत मोजून स्वतःची परीक्षा द्यावी. तार सैल निघाली, तर शून्य गुण न देता शिक्षकास बोलवावे. जे यंत्र स्वतःची चूक ओळखू शकत नाही, त्याच्या हाती दुसऱ्याचे गुण सोपवणे योग्य नव्हे.