चौदा दिवस आणि चक्का जाम

गैरसमज: उसाचं बिल थकवणारा साखर कारखाना आणि रस्ता अडवणारा शेतकरी, दोघांनीही कायदा मोडला, म्हणजे दोघे सारखेच.

शिरोळ तालुक्यात गाळप सुरू झालं की हे ऐकू येतंच. आधी कायदा पाहू. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत बिल द्यायचं. उशीर झाला तर वार्षिक 15 टक्के व्याज. टनाला 3,000 रुपयांनी 100 टनांचे 3 लाख दोन महिने थकले, तर व्याज सुमारे 7,400 रुपये होतं. एवढ्यात खताचा एखादा हप्ता निघतो. मुदत ओलांडणारा कारखाना हा कायदा चुकीचा आहे असं कधी म्हणत नाही. तो नुसता पाळत नाही, आणि कुणी विचारेपर्यंत गप्प राहतो.

चक्का जाम करणारा दिवस नि जागा आधी सांगतो, तोंड उघडं ठेवून बसतो, पोलिसांनी गाडीत घातलं तर जातो. नोव्हेंबर 2023 मध्ये शिरोलीला पुणे-बंगळूर महामार्ग असाच अडवला गेला. तेव्हाची मागणी थकलेल्या बिलाची नव्हे, तर मागच्या हंगामाच्या उसाला जादा पैसे मिळण्याची होती, हेही खरं.

गैरसमज: हेतू चांगला असला की गुन्हा लागत नाही.

लागतो. वाट अडवल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 285 नुसार 5,000 रुपयांपर्यंत दंड आहे. जमावबंदी मोडल्याचा गुन्हा वेगळा. सरकारनं खटला मागे घ्यायचं ठरवलं तरी न्यायालयाची संमती लागते. 1930 मध्ये मिठाच्या सत्याग्रहात शिरोड्याला मीठ उचलणारेही शिक्षा होणार हे जाणूनच गेले होते. म्हणून रात्री तोंड बांधून उसाचा ट्रॅक्टर पेटवणाऱ्याला मी सत्याग्रही म्हणणार नाही. लपण्यापुरता तो बिल थकवणाऱ्याच्याच पंगतीला बसतो.

गैरसमज: कायदा पटत नसेल तर मोडणं किंवा सोसणं, एवढंच हातात आहे.

फेब्रुवारी 2022 मध्ये राज्य सरकारनं एफआरपी, म्हणजे उसाचा ठरवून दिलेला किमान दर, दोन टप्प्यांत देण्याचा निर्णय काढला. शिरोळचेच शेतकरी नेते राजू शेट्टी त्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो रद्द केला. थकलेलं बिल साखर आयुक्तांच्या आदेशानं जिल्हाधिकारी जमीन महसुलासारखं वसूल करू शकतात. त्यासाठी कोल्हापूरच्या साखर सहसंचालक कार्यालयात लेखी तक्रार करता येते.

मात्र एक फट आहे. वेगळा लेखी करार असेल तर 14 दिवसांची मुदत बदलते. तेव्हा ऊस नोंदवताना पुढ्यात आलेला कागद वाचल्याशिवाय सही करू नका.