बिऱ्हाड पाठीवर

इंदूरच्या राजवाड्यामागच्या गल्ल्यांतून ज्यांची चार-पाच पिढ्यांची घरे आहेत, त्यांच्या माळ्यावर एक तरी पत्र्याची ट्रंक असतेच. तिच्यावर पांढऱ्या रंगात कुणा आजोबा-पणजोबांचे नाव, खाली गावाचे नाव, आणि गाव बहुधा असे की जिथे आता आपले कुणीही राहिलेले नाही. होळकरांच्या चाकरीत आपली माणसे दक्षिणेतून उठून इकडे आली, ती एकदाच. एकदा नर्मदा ओलांडली आणि मग पुन्हा कुणी फारसे हलले नाही. त्यामुळे हिंडत्या माणसाकडे आपण थोड्या कीवेनेच पाहतो. ‘त्याचे काय, विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर!’ एवढे बोलून विषय संपतो.

मीही त्यातलाच. सकाळी त्याच खोलीत, त्याच खिडकीपाशी तंबोरा लावून बसायचे, संध्याकाळी त्याच सतरंजीवर मुलांना शिकवायचे, यापलीकडे माझा प्रवास नाही. म्हणूनच अर्जेंटिनातल्या झॅप कुटुंबाची हकीकत जेव्हा प्रथम वाचनात आली, तेव्हा मी ती कौतुकाने नव्हे, काहीशा रागानेच वाचली. पुन्हा वाचली तेव्हा राग ओसरला होता. आता तिच्यातली काही कोडी माझ्याबरोबर राहिली आहेत. तीच आज वाचकांपुढे ठेवतो.

हर्मन आणि कांदेलारिया ही दोघे लहानपणापासूनची एकमेकांच्या ओळखीची. पहिल्यांदा भेटली तेव्हा तो दहा वर्षांचा, ती आठ वर्षांची. पुढे लग्न झाले. ब्वेनोस आयरेस शहराच्या बाहेर घर बांधले, नोकऱ्या बऱ्या होत्या. लग्नाला सहा वर्षे झाली, आता मूलबाळ व्हावे, असे मनात होते. म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘सगळे मार्गी लागले’ म्हणतात ती अवस्था. पण जग पाहायला निघायचे हे दोघांनी केव्हापासून ठरवून ठेवलेले, आणि ते राहून जात होते. मूल झाले की ते कायमचेच राहील, असा हिशेब त्यांनी केला. उत्तरेला अलास्कापर्यंत जायचे, सहा महिन्यांत परतायचे आणि मग संसाराला लागायचे. खांद्यावर पिशव्या अडकवून निघणार, तोच एकाने त्यांच्यापुढे एक मोटार आणली.

ती मोटार १९२८ सालची होती, ग्रॅहम-पेज कंपनीची, सहा सिलिंडरची, लाकडी आऱ्यांच्या चाकांची. त्यांच्या हाती आली तेव्हा ती सुरूही होत नव्हती. ग्रॅहम बंधू तिघे. त्यांनी १९२७ साली डेट्रॉइटची पेज कंपनी विकत घेतली आणि पहिल्याच वर्षी सत्तर हजारांहून अधिक गाड्या विकल्या. पुढे मंदी आली, युद्ध आले, आणि मोटारी बनवणे बंद पडले. गंमत अशी की उरलेली कंपनी कालांतराने न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध क्रीडागृहाची, मॅडिसन स्क्वेअर गार्डनची, मालक होऊन बसली. कंपनीने मोटार सोडली, पण तिची ही एक गाडी मात्र रस्ता सोडायला तयार नव्हती.

२५ जानेवारी २००० रोजी शहराच्या मधोमध उभ्या असलेल्या ओबेलिस्क स्तंभापासून ते निघाले. त्याचे वय ३१, तिचे २९.

गाडीला त्यांनी नाव दिले ते ‘माकोंदो काम्बालाचे’. यातला पहिला शब्द गार्सिया मार्केसच्या कादंबरीतल्या काल्पनिक गावाचा, हे पुष्कळ वाचकांना ठाऊक असेल. दुसऱ्या शब्दापाशी मी, माझ्या धंद्यामुळे, अधिक रेंगाळलो. ‘काम्बालाचे’ म्हणजे मोडक्या-तोडक्या, वापरलेल्या वस्तूंचे दुकान. आपल्याकडचा जुना बाजार म्हणा. आणि याच नावाचा एक टँगो आहे, एन्रिके सांतोस दिसेपोलो यांनी १९३४ साली रचलेला. विसाव्या शतकात चांगले-वाईट, खरे-खोटे सगळे एकाच खिडकीत कसे मांडून ठेवले आहे, याबद्दलचा तो कडवट उपहास. ब्वेनोस आयरेसमध्ये हे गाणे ठाऊक नाही असा माणूस सापडणे कठीण. एवढ्या कडू गाण्याचे नाव घेऊन कुणी आनंदयात्रेला निघावे, याचे मला आधी नवल वाटले. मग वाटले, गाडीच्या पोटात काय काय भरले असेल ते पाहता नाव अगदी बेतशीर आहे.

सहा महिन्यांचा प्रवास अलास्का गाठेपर्यंत साडेतीन वर्षांहून लांबला. वाट सरळ नव्हतीच. दक्षिण आणि मध्य अमेरिकेच्या सांध्यावर, पनामा आणि कोलंबिया यांच्या दरम्यान, दारिएनचे जंगल आहे. अलास्कापासून अर्जेंटिनापर्यंत जाणारा महामार्ग तिथे सुमारे १०० किलोमीटर तुटलेला आहे आणि अजूनही जोडलेला नाही. यांनी आणखीच वेगळी वाट धरली. मोटार तराफ्यावर चढवून ते ॲमेझॉनच्या पाण्यातून गेले. लाकडी चाकांची मोटार, खाली तराफा, भोवती अरण्य, आणि दोन माणसे त्या गाडीला सांभाळून बसलेली! हे चित्र मी वर्गातल्या मुलांना सांगितले तेव्हा त्यांना ते एखाद्या पुराणातले वाटले.

पैसे मात्र इक्वेडोरपर्यंतच पुरले. इथे आपल्यापैकी बहुतेक जण माघारी वळले असते. कांदेलारिया पक्ष्यांची चित्रे काढू लागली, हर्मन त्यांना चौकटी करू लागला, आणि ती दोघे विकू लागली. पुढे त्यांनी प्रवासाचे पुस्तक लिहिले आणि तेही गाडीतूनच विकले. त्याच्या सुमारे एक लाख प्रती खपल्या. मला हा भाग फार आवडतो. कारण यात कुणी धनको नाही, सरकारी अनुदान नाही. हाताला येईल ते करून बाजारात बसणे आहे. कलावंताला दरबार नसला म्हणजे उरते ते हेच.

असे करता करता बावीस वर्षे गेली. मार्च २०२२ मध्ये ते त्याच स्तंभापाशी परतले, तेव्हा १०२ देश आणि ३,६२,००० किलोमीटर झाले होते. म्हणजे पृथ्वीला नऊ प्रदक्षिणा. आकडा प्रचंड वाटतो खरा. पण मी तो दिवसांनी भागून पाहिला. रोजचे ४५ किलोमीटर पडतात. आपले पूर्वज ज्या बैलगाड्यांतून आले त्या दिवसाला सात-आठ कोस चालत. त्याच्या जेमतेम दुप्पट! याचा अर्थ असा की ही माणसे धावत नव्हती. बहुतेक वेळ ती कुठे तरी थांबलेली होती. सुमारे २,००० घरांनी त्यांना उतरवून घेतले. मलेरिया झाला, तापाच्या साथींमधून वाट काढली, आणि एवढ्या अवधीत टायरचे आठ संच बदलले, इंजिन दोनदा पुरते खोलावे लागले, इतकेच. जुन्या यंत्राचा हा गुण आहे. ते बिघडले तर त्याचा सुटा भाग कुठल्या दुकानात मिळत नाही. पण ते उघडून पाहता येते, आणि गावातला लोहार किंवा लेथवाला तो भाग घडवू शकतो. आजच्या गाडीचे झाकण उघडले तर आपल्याला काय दिसते? गाडीत थंड हवेची सोय नव्हती, बैठकी कठीण होत्या. तरी चिखलात आणि वाळूत ती चालली. शिवाय अशी गाडी दारात उभी राहिली की माणसे आपण होऊन बाहेर येतात. चकचकीत गाडीजवळ कुणी येत नाही.

आता मुलांकडे येतो, कारण माझा राग तिथेच होता.

वाटेतच चार मुले झाली. पांपा अमेरिकेत जन्मला, तेहुए अर्जेंटिनात परतलेल्या मुक्कामात, पालोमा कॅनडात आणि वॉलाबी ऑस्ट्रेलियात. मुले वाढली तशी गाडी अपुरी पडू लागली, म्हणून त्यांनी ती मधून कापून ४० सेंटिमीटर लांब केली. वर तंबू ताणून झोपायची सोय होती. एक कुत्रा आणि एक मांजर यांनाही जागा झाली. आपण घराला मागच्या बाजूने एक खोली काढतो, तसे त्यांनी मोटारीला हात-दीड हात काढला. हात-दीड हात! सून घरात येते म्हणून भिंत पाडणाऱ्या आपल्या लोकांना यातली खटपट समजेल.

परक्या मुलुखात, मुक्कामामुक्कामावर झालेली मुले आपल्याला अगदीच अपरिचित आहेत असे मात्र नाही. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासून पन्नास-साठ वर्षे संगीत नाटक मंडळ्या पडदे, झगे, पेट्या, आचारी आणि बायकामुले घेऊन गावोगाव फिरत होत्या. त्यांची बिऱ्हाडे अशीच. मास्टर दीनानाथांनी १९१८ साली सहकाऱ्यांसह बळवंत संगीत मंडळी काढली. त्यांची थोरली मुलगी लता २८ सप्टेंबर १९२९ रोजी आपल्या इंदुरात जन्मली, आशाचा जन्म सांगलीचा. म्हणजे लताबाई त्या मोटारीहून एकाच वर्षाने लहान. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी त्या गेल्या, आणि मोटार पुढच्याच महिन्यात घरी पोचली. याला काही अर्थ आहे असे मी म्हणत नाही. सन मांडून पाहताना सहज डोळ्यांत भरले, एवढेच.

पण नाटक मंडळीच्या बिऱ्हाडात आणि या मोटारीत एक मोठा फरक आहे, आणि तो मला सोडता येत नाही. मंडळी फिरत असली तरी तालीममास्तर बरोबर फिरत असे. गाव बदलले, धर्मशाळा बदलली, पण सकाळची पेटी तीच, चीज तीच, चूक झाली की कान धरणारा हातही तोच. झॅप मुलांनी दूरशिक्षणाने अभ्यास केला. आई शिकवत असे. गणित, भाषा, भूगोल एवढ्यासाठी ते पुरेल. भूगोल तर त्यांच्याइतका कुणालाच येत नसेल. माझी शंका वेगळी आहे. ज्या विद्येला एकाच माणसासमोर दहा वर्षे बसावे लागते, तिचे काय?

माझ्याकडे मध्यंतरी एक मुलगी शिकायला येत असे. वडील बँकेत, दर तीन वर्षांनी बदली. माझ्याकडे आली तेव्हा तिने दोन गावांत दोन गुरू केले होते. मी म्हटले, यमन म्हण. तिने विचारले, “सर, कोणता म्हणू?” मला हसू आले, मग वाईट वाटले. पहिल्या गुरुजींनी तिला आरोहात षड्ज आणि पंचम टाळून ‘नि रे ग’ने वर जायला शिकवले होते. दुसऱ्या बाईंनी ते काढून टाकून पंचम सरळ घ्यायला लावला. आता माझ्याकडे तिसरा यमन शिकायचा होता. राग एकच, तो कुणाचाही चुकीचा नव्हता. पण पोरीला प्रत्येक स्वर लावताना आधी विचारावे लागत होते की आपण सध्या कुठल्या गावी आहोत. मी तिची आधीची दोन्ही शिकवण मोडायची नाही असे ठरवले. दोन्ही वाटा गाऊन घेतल्या, आणि माझी तिसरी वाट फार उशिरा, जवळजवळ चोरून, दाखवली. बरोबर केले की नाही, माहीत नाही. घरच्या पद्धतीच्या दृष्टीने चूकच. आमच्याकडे दुसऱ्या घराण्याची तान निघाली तर तंबोरा खाली ठेवायला सांगत.

ते काही असो. त्या मुलीला एक गोष्ट येत होती जी माझ्या इतर विद्यार्थ्यांना येत नाही, हेही लिहिले पाहिजे. ती कुणाच्याही तंबोऱ्यावर पाच मिनिटांत आपला सूर शोधत असे. वर्गातली बाकीची मुले स्वतःचा तंबोरा, स्वतःची काळी चार असल्याशिवाय गळा उघडत नाहीत; बाहेरगावी कार्यक्रमाला नेले तर निम्मा वेळ कुरकुरण्यात जातो. ती मात्र वाद्य जसे असेल तसे मांडीवर घेई, खुंटी पिळी, जवारीत दोरा सरकवी आणि सुरू करी. झॅपांची मुले नव्या घराच्या दारात अशीच उभी राहत असतील, असे मला वाटते. दोन हजार उंबरठ्यांवर ओळख करून घ्यायची म्हणजे ती एक विद्याच झाली. तिला शाळा नाही, परीक्षा नाही. आणि आपल्या मुलांना ती येत नाही, हेही तितकेच खरे. पण जन्माला पुरेल असा शेजारचा मित्र, ज्याच्याशी भांडून दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळावेच लागते, कारण तो तिथेच असतो. तो त्यांना बावीस वर्षांत कुठे भेटला असेल? यात झालेला तोटा कुठल्या वहीत लिहिला जातो, मला कळत नाही.

आईबापांनी मात्र एक प्रश्न मुलांवर सोडला नाही. निघण्याचा निर्णय मुले होण्याआधीचा होता, थांबण्याचाही मोठ्यांचाच. परतले तेव्हा थोरला १९ वर्षांचा होता, धाकटा १२ वर्षांचा. तिथे घर म्हणून जे होते ते धाकट्याला आयुष्यभर नुसते ऐकून माहीत. आपल्याकडे पणतवंडांना ट्रंकेवरचे गाव माहीत असते, तसे.

त्या मुलीच्या वडिलांची बदली पुन्हा झाली. मिरजेचा एक लहान तंबोरा मी तिला मिळवून दिला होता. निघायच्या दिवशी त्यांनी तो रजईत गुंडाळून, तारा उतरवून, डब्यात वरच्या बर्थवर ठेवला. “उतरल्यावर दोन दिवस लावू नकोस, तिथली हवा लागू दे,” असे मी खिडकीतून सांगितले. गाडी हलली तेव्हा तिने विचारले, “आणि सर, तिथल्या बाईंना सांगू का, मला तीन यमन येतात म्हणून?”

मी म्हटले, “आधी त्यांचा ऐक.”