रक्त चढवताना नाव विचारा

काही वर्षांपूर्वी माझ्या एका सत्तरी ओलांडलेल्या रुग्ण आजींची खुब्याची शस्त्रक्रिया ठरली होती. रक्ताचा नमुना घ्यायला आलेल्या परिचारिकेने विचारले, ‘‘आपण पाटीलबाई ना?’’ आजींना कमी ऐकू येई. त्यांनी सवयीने मान डोलावली. पाटीलबाई शेजारच्या खाटेवर होत्या. सुनेने चूक तिथल्या तिथे लक्षात आणून दिली, म्हणून अनर्थ टळला.

रक्त देण्यातील गंभीर चुका बहुधा अशा साध्या पायरीवरच होतात. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली रक्तगटांतील भेद दाखवून दिला. ‘ओ’ गटाच्या रुग्णाला ‘ए’ गटाचे रक्त दिले गेल्यास त्याच्या शरीरातील प्रतिपिंडे त्या तांबड्या पेशी फोडतात. मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, प्राणही जाऊ शकतो.

म्हणून नमुना घेताना व पिशवी लावताना रुग्णाने वा आप्ताने पूर्ण नाव स्वतः सांगावे, नुसता होकार देऊ नये. मनगटपट्टीवरील नाव व नोंदणी क्रमांक तपासावा. नमुन्याच्या नळीवर नाव रुग्णाजवळच लिहिले जावे. पूर्वी रक्त घेतले असल्यास, त्याचा त्रास झाला असल्यास किंवा हृदयविकार असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. वृद्धांना रक्त वेगाने दिल्यास फुप्फुसांत पाणी साचून धाप लागते.

पहिली पंधरा मिनिटे विशेष महत्त्वाची असतात. थंडी वाजून ताप, कंबरदुखी, छातीत दडपण, धाप किंवा लालसर-काळपट लघवी दिसताच परिचारिकेला हाक मारावी. भूल दिलेला रुग्ण मात्र बोलू शकत नाही. तिथे अचानक उतरणारा रक्तदाब, लघवीचा बदललेला रंग आणि जखमेतून न थांबणारा रक्तस्राव यांवर भूलतज्ज्ञांचे लक्ष असते.

शंका येताच रक्त तत्काळ थांबवतात. शिरेतील सुई मात्र काढत नाहीत. नळी बदलून सलाईन सुरू ठेवतात. नाव व गट पुन्हा पडताळून ती पिशवी आणि रुग्णाचा नवा नमुना रक्तपेढीकडे पाठवतात. म्हणून पिशवी फेकू देऊ नये. अशा घटनांची नोंद ठेवण्यासाठी भारतात २०१२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे.

‘‘पुन्हा एकदा नाव पाहता का?’’ असे विचारण्यात अविश्वास नाही. त्या दिवशी सुनेने संकोच केला असता, तर आजी कदाचित घरी परतल्या नसत्या.