अर्जुनाची साल आणि वृक्षाचा आहार

हृद्रोगाचा विचार करताना अर्जुनाचे स्मरण झाले नाही, असा वैद्य विरळाच. अर्जुनक्षीरपाक असो वा अर्जुनारिष्ट, आपले सारे लक्ष त्या वृक्षाच्या त्वचेकडे असते. ती त्वचा वृक्षाच्या स्वतःच्या कोणत्या कामी येते, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो. आम्हीही तो उशिराच केला.

काही वर्षांपूर्वी एका नदीकाठी अर्जुनसादड्याचा जुना वृक्ष आमच्या पाहण्यात आला. बुंध्यावरील साल हातभर उंचीपर्यंत सर्व बाजूंनी, थेट लाकडापर्यंत सोलून नेलेली होती. वर पाने मात्र हिरवीगार. वृक्षाने घाव सोसला, असे समजून आम्ही परतलो. पुढे पुन्हा त्या वाटेने जाणे झाले तेव्हा तेथे वाळलेले खोड उभे होते.

यामागील कारण वृक्षाच्या आहारक्रमात आहे. मुळे जमिनीतून पाणी आणि त्यात विरघळलेले नत्र, स्फुरद, पालाश आदी क्षार शोषून घेतात. हा प्रवाह काष्ठातील जलवाहिन्यांतून पानांपर्यंत चढतो. अशा शंभर भाग पाण्यापैकी सुमारे ९७ भाग पर्णरंध्रांतून वाफ होऊन निघून जातात. त्याच रंध्रांतून आत आलेला कर्बवायू आणि पाणी यांपासून पाने सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने शर्करा तयार करतात. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कर्बाचा असतो. तो मातीतून नव्हे, हवेतून आलेला असतो.

ही शर्करा खाली मुळांकडे येते ती सालीच्या आतल्या थरातील रसवाहिन्यांतून. मुळे अंधारात असतात. त्यांना स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. क्षार शोषण्यासाठी लागणारी शक्तीही त्यांना याच शर्करेतून मिळते. साल सर्व बाजूंनी सोलली की हा मार्ग तुटतो. काष्ठ शाबूत असल्याने पाणी वर चढत राहते आणि पाने हिरवी दिसतात. मुळे साठवलेल्या पिष्टावर काही काळ तग धरतात. तो साठा संपला की मुळे मरतात आणि मग पानेही सुकतात. केशवाहिन्या प्रथम पाहणारे इटलीचे मालपिघी यांनी सतराव्या शतकातच खोडावरील सालीचे कडे काढून पाहिले होते. कड्याच्या वरच्या बाजूस खोड फुगते, खालच्या बाजूस नाही, हे त्यांनी नोंदविले. खाली निघालेले अन्न तेथेच अडते, हे त्याचे कारण.

चरकसंहितेच्या कल्पस्थानात पहिल्याच अध्यायात त्वचा, कंद व क्षीर शरद ऋतूत घ्यावे, तर मुळे ग्रीष्मात किंवा पाने गळून गेल्यावर शिशिरात घ्यावीत, असे सांगितले आहे. वर्षाकाळी पानांनी कमावलेले अन्न पुढे त्वचा, कंद व मुळे यांत साठते, हे ध्यानी घेतल्यास या नियमामागील सूक्ष्म निरीक्षण आपल्या लक्षात येते. वृक्षाचा आहारक्रम आचार्यांच्या नजरेतून सुटला नव्हता, असे आम्हांस वाटते.

आज प्रश्न केवळ ऋतूचा राहिलेला नाही. सीता-अशोकाची नोंद आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत १९९८ सालीच असुरक्षित वर्गात झाली. खरी साल दुर्मिळ झाली की बाजारात तिच्या नावाखाली आसुपालवाची साल येते, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. वृक्षाची हानी अशा रीतीने अखेर रुग्णाच्या पेल्यापर्यंत पोहोचते.

म्हणून औषधनिर्मात्या बंधूंना आमची विनंती आहे. साल पक्व वृक्षाचीच घ्यावी. ती एका बाजूने, उभ्या अरुंद पट्टीत काढावी आणि काष्ठाला चिकटलेला ओलसर थर खरवडू नये, कारण नवी साल त्यातूनच येते. ती जखम पूर्ण भरल्यावाचून दुसऱ्या बाजूस हात लावू नये. पोते दाराशी आले की आपण भाव विचारतो, ओल तपासतो. साल कोणत्या ऋतूत आणि कशी काढली, हेही विचारावे. आमच्या दवाखान्यातील कोठारासाठी आम्ही हा प्रश्न अनेक वर्षे विचारला नव्हता. आता विचारतो, आणि समाधानकारक उत्तर न मिळाल्यास पोते परत पाठवितो.